घोड्यांचे रंग

"आज वार कोणता?"
डॉक्टर तेमूलेन रोज सकाळी विचारतात, सात नंबरच्या खाटेपाशी.
गोंबोजाव खिडकीबाहेर बघतात.
बाहेर उलानबातरचा कोळशाचा धूर
आणि थंडीने बंद पडलेली एक बस.
वार कुठेच लिहिलेला नाही.

डॉक्टर फाइलीत लिहितात : भ्रम, सौम्य.
मी म्हणते, डॉक्टर, यांना वार कधीच माहीत नव्हता.
माझे वडीलही तिकडचेच, गोबीतले.
तिथे वार लागतो शाळेला आणि बँकेला,
मेंढ्यांना लागत नाही.

डॉक्टर तरुण आहेत. ऐकतात, आणि पुढच्या खाटेकडे जातात.

मी टेप काढते. पोट एकशे अकरा.
काल सहा लिटर काढलं,
वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी, थेंब थेंब, दुपारभर.
"पोरी," ते म्हणाले, "एवढं आमच्या विहिरीला लागलं असतं तर
मी इथे आलोच नसतो."
आणि हसले. डोळ्यांचा पिवळेपणाही हसला.

हा आजार आला कुठून, ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय.
शाळेत लस टोचली तेव्हा सिरिंज एकच होती, काचेची,
चाळीस दंडांना.
"त्या बाईंना बोल लावू नकोस," मला बजावतात,
"उकळायचं म्हटलं तरी सरपण कुठे होतं?"

हात पुढे करा. पंजे वर.
अंगावर येणारा घोडा थांबवताय असे.
पंजे लटपटतात,
तारेवर बसू की नको, असं पाखराचं व्हावं तसे.

मग मी माझं विचारते : आजोबा, तुमचे घोडे सांगा.

अबलख. कुमैत, दोन. सब्जा, डाव्या कानाला चीर असलेला.
पंचकल्याण, पण मागचा एक पाय फसवा.
मुश्की. सुरंग. आणि ती समंद घोडी,
आठ वर्षं तिच्याच पाठीवर.
तेवीस रंग, तेवीस जनावरं, न अडखळता.
फाइलीत यासाठी रकाना नाही.
समासात पेन्सिलीने लिहिते : घोडे २३.

तिसऱ्या रात्री बावीस.
पुन्हा विचारलं. बावीस.
समंद घोडी गेली होती,
आणि ती गेल्याचंही त्यांना कळलं नव्हतं.

मी डॉक्टरांना उठवलं.
रागावले असतील, पण आले,
स्वेटर उलटा घातलेला.
मग नाकातून नळी, नळीतून ते चिकट गोड औषध,
आणि आमच्या वॉर्डाचा एकमेव धर्म :
दिवसातून तीनदा परसाकडे झालंच पाहिजे.
मी मोजते. इथे मोजायची लाज कुणाला नाही.
लेक नरमंदाख सतरंजीवर, भिंतीला टेकून.
आमच्या भाषेत सख्ख्यांना एकाच काळजाचे म्हणतात.
तिने तपासून घेतलं होतं, तिचं द्यावं म्हणून.
तिच्यातही तोच विषाणू निघाला.
हे तिने अजून बापाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी, मी काही विचारायच्या आत,
"समंद," ते म्हणाले,
"तिला पाणी पाजलं का कुणी?"

एप्रिलात नरमंदाखचा फोन.
आवाजात वारा, मागे कुत्री.
समंद घोडी व्यायली. शिंगरू उभंही राहिलं.
"पण बाबा सकाळपासून त्याच्याकडे नुसते बघतायत.
रंग सांगत नाहीत. म्हणतात, याला शब्द नाही."

शिंगराचा रंग पहिल्या लोकरीत फसवतो, मला माहीत आहे.
कधी कधी खरंच शब्द नसतो.
आणि कधी कधी असतो, आणि हरवतो.

हातातली पेन्सिल मी खाली ठेवली.
त्यांना फोन दे, म्हटलं.
वारा ऐकत थांबले.